डेंग्यू गेला, पण अक्षर गळतंय

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते, वय ४६. गणेश चवथीच्या तोंडावर डेंग्यू झाला. प्लेटलेट्स ३८,०००पर्यंत उतरल्या होत्या. सहाव्या दिवशी ताप गेला. आठव्या दिवशी वर्तमानपत्र हातात घेतलं, तर उजव्या डोळ्याला ‘डिचोली’तला ‘चो’ दिसेना! बाजूची अक्षरं दिसतात, मध्ये राखाडी ठिपका. डोळा लाल नाही, दुखत नाही, चष्म्याचा नंबरही तोच. दवाखान्यात अशक्तपणा आहे असं सांगून जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. आता प्लेटलेट्स दोन लाखांवर आहेत. तीन आठवडे झाले, ठिपका तसाच. विषाणू डोळ्यात राहिला का? दृष्टी जाईल का? कुठले थेंब घालू?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : बाई, तुम्ही ‘चो’ लिहिलात आणि माझं अर्धं काम केलंत. अशक्तपणात दोन्ही डोळे थकतात, सगळंच अंधूक वाटतं. एकाच डोळ्याला, बरोबर मधोमध, रोज त्याच जागी ठिपका दिसतो तेव्हा बिघाड बहुधा डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे मॅक्युलात असतो. पत्रावरून निदान पक्कं करता येत नाही. पण डेंग्यू मॅक्युलाला दुखवतो, आणि तुमचं वर्णन त्याच्याशी इतकं जुळतं की ‘अशक्तपणा’ म्हणून ते सोडून देणं मला मान्य नाही.

पडद्यातल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्या इतक्या अरुंद असतात की ७-८ मायक्रॉनच्या तांबड्या पेशीला अंग चोरून जावं लागतं. त्यांचं आतलं अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं. या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, म्हणून रक्तातलं पाणी पडद्यात झिरपत नाही. डेंग्यूच्या विषाणूचं ‘एनएस-१’ नावाचं प्रथिन, जे तापाच्या पहिल्या दिवसांत रक्तचाचणीत शोधतात तेच, या अस्तराला इजा करतं. त्यातच विषाणूशी झुंजताना आपल्या शरीरात तयार होणारी रसायनं पेशींमधले सांधे सैल करतात. गंभीर डेंग्यूत पोटात आणि छातीत पाणी साठतं ते अशाच गळतीने. डोळ्यात मात्र थेंबाच्या अंशाएवढी गळतीही पुरते, मॅक्युला सुजते. कुठे बारीक वाहिन्यांतला प्रवाहच अडतो आणि त्यावर जगणाऱ्या पेशी उपाशी राहतात.

मॅक्युलाच्या अगदी मध्यावर, सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या जागेत, पडद्याची स्वतःची रक्तवाहिनी नसतेच. तिथला प्रकाश अडू नये अशी ती रचना आहे. ही जागा भोवतीच्या वाहिन्यांच्या कड्यावर आणि पडद्यामागच्या थरावर पोसली जाते. वाचताना आपण नजर रोखतो ती नेमकी इथेच. म्हणून बिघाड तिळाएवढा असला तरी नेमकं समोरचं अक्षर जातं.

आठवा दिवसही जुळतो. ही तक्रार साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटी, ताप उतरून प्लेटलेट्स तळाला असताना सुरू होते. घरचे म्हणतात, ताप गेला, आता काय! मग सगळ्यांचं लक्ष प्लेटलेट्सच्या आकड्यावर. आकडा वर गेला म्हणजे मॅक्युलाची सूज ओसरली, असं धरून चालू नका.

काही वर्षांपूर्वी फोंड्याजवळचा एक पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, माझ्याकडे आला होता. डेंग्यूनंतर दोन महिने तो तसाच माडावर चढत होता, कोयता कुठे बसतोय ते एका डोळ्याला नीट दिसत नसताना. त्यालाही कुणी अशक्तपणाच सांगितला होता. त्याची नजर पुष्कळ सुधारली, फिकट डाग मात्र राहिला. लवकर आला असता तर डाग राहिलाच नसता, असा दावा मी करणार नाही. पण ते दोन महिने तो माडावर चढला नसता. त्यानंतर डेंग्यूतून उठलेल्या प्रत्येकाला मी एकेक डोळा झाकून वाचायला लावतो.

आता तुमचे प्रश्न. ताप उतरल्यावर विषाणू रक्तातून लवकरच जातो. मागे राहते ती बहुधा सूज आणि वाहिन्यांची इजा. बहुतेकांची दृष्टी काही आठवड्यांत ते महिन्यांत सुधारते, काहींना बारीक डाग उरतो. थेंब घालू नका. औषधाच्या दुकानातले थेंब पडद्यापर्यंत पोचत नाहीत. सूज जास्त असेल तर काही रुग्णांना स्टेरॉइड देतात, पण ते पडदा पाहूनच ठरवायचं असतं. स्वतःहून एक गोळीसुद्धा घेऊ नका.

याच आठवड्यात पडद्याचे डॉक्टर गाठा, नाहीतर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, नेत्रविभागात जा. बाहुली मोठी करून पडदा पाहायला आणि ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं प्रकाशाने घेतलेलं चित्र, करायला सांगा. साध्या तपासणीत निसटलेली सूज ओसीटीत दिसते. रक्तदाब आणि साखरही मोजून घ्या. तुमच्या वयात त्यांच्यामुळेही याच वाहिन्या बिघडतात, आणि सगळा दोष डेंग्यूवर टाकून ते राहून जायला नको. डोळ्यासमोर काजळीसारखे ठिपके तरंगू लागले, डाग मोठा झाला किंवा दुसऱ्या डोळ्यातही आला, तर त्याच दिवशी जा.

तोवर मुलांची गणिताची चौकटींची वही घ्या. पानाच्या मध्यावर ठिपका काढा, वाचायचा चष्मा लावा, डावा डोळा झाका आणि उजव्याने त्या ठिपक्याकडे पाहा. जितक्या चौकटी पुसट किंवा वाकड्या दिसतील तितक्या पेन्सिलीने रंगवा आणि तारीख घाला. दर दोन दिवसांनी नवीन पान. जाताना ती वही आणि तापातले रक्ताचे सगळे अहवाल बरोबर न्या. बसने जा, स्कूटर घरी ठेवा; बाहुली मोठी केल्यावर काही तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं वाचता येत नाही.