चार-पाच जणांच्या कुटुंबासाठी पूर्ण इलेक्ट्रिक गाडी घेताना काय बघावं?

रेंजच्या आधी पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय होतेय का ते बघा. ४० किलोवॅट-तासांची बॅटरी ३ किलोवॅटच्या साध्या प्लगवर पूर्ण भरायला १३-१४ तास लागतात, ७ किलोवॅटच्या चार्जरवर साधारण ६. रात्री लावून ठेवली की रोजचं भागतं. जाहिरातीतली रेंज हायवेवर, एसी लावून मिळत नाही. मी तर पाव भाग वजा धरूनच हिशेब करतो.

आणि शोरूममध्ये मागच्या सीटवर दहा मिनिटं बसा. बॅटरी तळाशी असल्यानं काही गाड्यांत पाय ठेवायची जागा उंच येते, गुडघे वर येतात, मांड्यांना आधार उरत नाही. आजी-आजोबा कुरकुरणारच (बरोबरच आहे त्यांचं). लहान मूल असेल तर चाइल्ड सीट सोबत नेऊन लावून बघा. सनरूफ वगैरे नंतर.