‘काही नाही गं’

“माझ्यासमोर घरातले तेलुगूत बोलतात. माझ्याबद्दलच बोलत असणार.” सोलापुरात समुपदेशन करताना ही तक्रार माझ्याकडे सारखी येते. कधी तेलुगूच्या जागी कानडी असते, कधी दखनी. आपल्या गावात ते व्हायचंच. १८७७ मध्ये इथली पहिली कापड गिरणी सुरू झाली, मागावर काम करणारी माणसं तेलंगणातून आली, आणि पूर्व भागात आजही दारात मराठी नि चुलीपाशी तेलुगू चालते.

त्यातलीच एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती पंढरपूरकडची, घरात फक्त मराठी. प्रेमविवाह करून अशोक चौकाजवळच्या घरात आली. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, सासूबाईंची सगळी उमर बिड्या वळण्यात गेलेली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. माझ्यासमोर बसली तेव्हा ती म्हणाली, “मला एकच शब्द कळतो, कोडलु. कोडलु म्हणजे सून. रोज रात्री हे कामावरून आले की सासूबाई कोडलु-कोडलु करत काहीतरी सांगतात. मी विचारलं की हे म्हणतात, काही नाही गं.”

मी तिला विचारलं, “तुम्ही नेमकं काय विचारता?”

“माझ्याबद्दल काय बोलल्या, असं.”

पुढच्या वेळी सासूबाईंनाही बोलावलं. नवऱ्याला मुद्दाम बाहेर बसवलं, कारण दीड वर्षं तोच मधला माणूस होता आणि दोन्हीकडचं गाळून पोचवत होता. सासूबाईंना विचारलं, रात्री मुलाला काय सांगता? त्या गोंधळल्या. “काय सांगणार? कोडलु तिन्नदा, असं विचारते की मी. ती जेवली का, म्हणून. हा येईपर्यंत उपाशी बसते ती.”

सून गप्प झाली. पण गोष्ट इतकी गोड नव्हती. सासूबाईंनी पुढे स्वतःच सांगितलं, “कधी कधी तक्रार पण करते. भाजीत मीठ जास्त घालते ती.” हे त्यांनी कबूल केलं म्हणून आधीचंही सुनेला खरं वाटलं, असं मला वाटतं.

मग सुनेने मनातलं खरं दुखणं काढलं. “तुम्ही मला म्हणता, आमच्या घरात असं चालत नाही. म्हणजे घर तुमचंच ना?”

मी सासूबाईंना हेच तेलुगूत म्हणायला लावलं. त्यांच्या तोंडून आलं ‘मन इल्लु’. माझं तेलुगू बेताचं, पण इथे मी थांबले. हिंदीत ‘हम’ म्हटलं की भागतं. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे, तसेच तेलुगूत ‘मनम्’ आणि ‘मेमु’ वेगळे. समोरच्याला धरून बोलायचं तर मनम्, वगळून बोलायचं तर मेमु. ‘मन इल्लु’ म्हणजे आपलं घर. सासूबाईंच्या मनात ‘आपलं’ होतं आणि मराठीत येताना त्याचं ‘आमचं’ झालं. त्यांची मराठी बिडी कारखान्यातली, तंबाखू-पानाच्या वजनाची, हजाराच्या हिशेबाची. ‘घे’, ‘दे’, ‘ठेव’, ‘मोज’. मायेने बोलायची वेळ त्या भाषेत त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. सुनेला ते सगळे हुकूम वाटत होते.

या घरात मी सर्वात जास्त दोष त्या ‘काही नाही गं’ला देते. न कळणाऱ्या भाषेपेक्षा ते तीन शब्द जास्त बोचतात, कारण काहीतरी आहे हे ऐकणारीला दिसत असतं. नवऱ्याला मी शब्दन् शब्द भाषांतर करायला सांगितलं नाही. विषय काय चाललाय तेवढं एका ओळीत मराठीत सांगायचं: “मावशीच्या घरभाड्याचं बोलतोय.” सुनेने ‘माझ्याबद्दल काय?’ सोडून ‘काय म्हणाल्या?’ एवढंच विचारायचं. आणि सासू-सुनेने उत्तर देण्याआधी, ‘तू असं म्हणालीस ना?’ असं एकदा विचारून घ्यायचं. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स भांडणाऱ्यांना हीच अट घालायला सांगत: समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगता आल्याशिवाय आपलं सांगायचं नाही. पहिल्या आठवड्यात दोघींना ते फार कृत्रिम वाटलं. वाटतंच.

एक मात्र नीट लक्षात घ्या. घरात जाणूनबुजून टाकून बोलत असतील, माहेरी फोन करू देत नसतील, अंगावर हात उगारला जात असेल, तर तो भाषेचा घोटाळा नाही. तिथे हे उपाय करत बसू नका. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा.

अडीच महिन्यांनी दोघी एकत्र आल्या, नवऱ्याला न घेता. सासूबाई अजून ‘आमच्या घरात’ म्हणतात आणि सून लगेच ‘आपल्या’ म्हणून दुरुस्त करते. सून आता त्यांना ‘तिन्नारा?’, म्हणजे ‘जेवलात का?’, असं विचारते. मिठाची तक्रार मिटलेली नाही. ती आता मराठीत होते, थेट सुनेकडे.