इंजिन आधी खोलू नका, आधी नोटीस पाठवा

फलटणहून एका ट्रकमालकाने विचारलंय: सहा सिलिंडरच्या इंजिनाचं पूर्ण काम केलं, किट आणि मजुरी धरून २ लाख ३५ हजार गेले. ३,१०० किलोमीटरवर, गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, इंजिन जाम. मिस्त्री म्हणतो, ऑइल कमी ठेवून गाडी पळवली. आता दुसरा गॅरेजवाला ४० हजार ॲडव्हान्स मागतोय. इंजिन बांधून घेऊन पहिल्याकडून पैसे वसूल होतील का?

ॲडव्हान्स देऊ नका. ते इंजिन पुन्हा बांधलं गेलं की तुमचा दावा त्याच दिवशी संपला. किट आणि बेअरिंग तुम्ही दुकानातून आणलीत, क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) लेथवाल्याने घासला, मिस्त्रीने फक्त मजुरी घेतली. म्हणजे दोष तिघांपैकी कुणाचाही असू शकतो आणि तो कुणाचा हे फक्त आतलं सामान सांगेल. बेअरिंगचे शेल म्हणजे क्रँकभोवती बसणाऱ्या अर्धगोल पट्ट्या; त्यांच्या पाठीवर साइज कोरलेली असते. क्रँक ०.५० मिलिमीटर अंडरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढा बारीक, घासलेला आणि शेल ०.२५ चे निघाले, तर पाव मिलिमीटर जादा फट राहिली. अशा इंजिनात गरम झाल्यावर ऑइल प्रेशर टिकणारच नाही. साइज बरोबर असूनही शेलवर खोल चरे आणि रुतलेला चुरा दिसला, तर ग्राइंडिंगनंतर क्रँकच्या ऑइलच्या वाटा साफ केल्या नसाव्यात. एकच बेअरिंग जागेवरून फिरलं आणि बाकीची चकचकीत असतील, तर ऑइल संपल्याची कहाणी लंगडी पडते; सगळीच काळीनिळी असतील तर मिस्त्रीचं म्हणणं जड होतं.

म्हणून घाईने चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवून तीन नंबरच्या बेअरिंगची कॅप काढलीत आणि तिचे शेल भंगाराच्या डब्यात टाकलेत, हे वाचून हात कपाळावर गेला. आजच जाऊन ते शोधा.

मिस्त्री, लेथवाला आणि दुकानदार, तिघांना स्पीड पोस्टाने नोटीस द्या: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक गॅरेजमध्ये इंजिन खोलणार, हजर राहा. पंधरा दिवसांची मुदत पुरे. कुणी येवो न येवो, त्या दिवशी परवानाधारक मोटार सर्व्हेअर हवाच. बोल्ट एअर गनने सोडवू देऊ नका. किती जोर लावल्यावर सुटला हे टॉर्क पान्यावर बघून लिहून घ्यायचं असतं. ढिला बोल्ट मिळाला तर तो अख्ख्या फाइलपेक्षा भारी. ऑइल फिल्टर कापून फोटो काढा. चेंबर उतरवताना काढलेलं ऑइल अजून डब्यात असेल, तर त्यातलं अर्धा लिटर स्वच्छ बाटलीत सील करा. शेल, कॅप, पिस्टन नंबर टाकून पोत्यात, पोत्यावर सगळ्यांच्या सह्या. एवढं झालं की गाडी खुशाल बांधा, हप्ते थांबत नाहीत हे मलाही कळतं.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं, ती इंजिन बंद पडल्या दिवसापासून मोजायची. मिस्त्री फोनवर 'बघू, करू' म्हणत राहिला त्याने ती वाढत नाही. तेरा महिने तुम्ही त्यातच घालवलेत. कायद्यात निकालाला तीन महिने, चाचणी लागली तर पाच. तारखांवर तारखा पडताना हा हिशेब आयोगात विचारून बघा.

बिलावर छापलेल्या 'कामाची गॅरंटी ३ महिने' या ओळीने फारसं बिघडू नये. इंजिन त्याआधीच गेलं असेल तर मुळीच नाही. नुकसानभरपाईचा आकडा मात्र मी आज सांगणार नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. गाडी स्वतः चालवून त्यावरच पोट भरणारा ट्रकवाला ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केलं आहे. एखाद-दुसरा मदतनीस असला तरी चालतो. पण तुमच्या नावावर आणखी गाड्या असतील आणि पगारी ड्रायव्हर त्या चालवत असतील, तर समोरचा वकील पहिला आक्षेप 'व्यावसायिक हेतू'चाच घेईल. मग दिवाणी दावा, तीन वर्षांची मुदत, कोर्ट फी वेगळी. आरसी बुकं घेऊन नोटीस काढण्याआधीच वकिलाकडे जा.