यादीत कोण सुटलं?

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोचलं. आपल्या चर्चच्या मंडळीने या कठीण दिवसांत मदतवाटपाचं काम तुझ्यावर सोपवलं, याचा मला मनापासून आनंद आहे. नुसत्या याद्या करायच्या आणि पिशव्या भरायच्या, यात सेवा कुठे आली, असं तू विचारलंस. यादीतच आहे, बाळा.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय पुन्हा वाच. यरुशलेमेच्या मंडळीत रोज अन्नवाटप होई आणि ग्रीक बोलणाऱ्या विधवा त्यातून सुटत. कोणी मुद्दाम केलं, असं तिथे लिहिलेलं नाही. ज्यांची भाषा वेगळी, ज्यांच्यासाठी शब्द टाकणारं कोणी नाही, ती माणसं अशीच सुटतात. तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी कुणाला गप्प बसवलं नाही. त्यांनी सात जण निवडायला सांगितले, आणि तेही पवित्र आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असलेले. अन्न वाटायला! स्तेफन, फिलिप्प, नीकलाव... सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय झाला, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप गेलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. तुझ्या गटात मदत घेणाऱ्यांपैकी कोणी आहे का?

ही शिस्त पुढेही टिकली. इ. स. २५१च्या सुमारास रोमचे बिशप कर्नेलियस यांनी एका पत्रात लिहिलं की, त्यांची मंडळी १,५०० हून अधिक विधवा आणि गरजूंना सांभाळते. छळाच्या त्या काळात एवढ्या माणसांचा सांभाळ नुसत्या कळवळ्यावर झाला नसणार. कोणीतरी नावं लिहिली असतील, दारोदार गेलं असेल.

आता देण्याच्या पद्धतीविषयी. बायबलमधली परदेशी विधवा रूथ शेतात सरवा, म्हणजे कापणीत मागे पडलेली कणसं, वेचत होती, तेव्हा शेताचा मालक बवाज याने गड्यांना बजावलं की तिला धमकावू नका, पेंढ्यांतून मुद्दाम थोडं काढून तिच्यासाठी टाका. धान्य तिने स्वतःच्या हातांनी वेचलं, कुणापुढे पदर पसरावा लागला नाही. म्हणून वाटपाचे फोटो काढू नकोस, रांगेत नावं पुकारू नकोस. जमेल तिथे घरी पोचव, आणि काय हवं ते आधी विचार. एखाद्याला धान्यापेक्षा औषध हवं असतं, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला घटकाभर बोलणारं कोणीतरी.

उपासनेला येणाऱ्यांनाच आधी द्यावं, असं कोणी सुचवलं तर नम्रपणे पण ठाम नकार दे. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, परतला एकच. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं त्याने विचारलं खरं, पण त्यांचं बरेपण काढून घेतलं नाही. भुकेल्याच्या विश्वासाची परीक्षा आपण घ्यायची नसते.

थकशील, तेव्हा काम वाटून दे. यावर जास्त लिहीत नाही.

आणखी एक. वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या येशूच्या दाखल्यात आपण मलमपट्टीपाशी थांबतो. त्याने सरायवाल्याला दोन दीनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असंही सांगितलं. संकटाची चर्चा ओसरते, पण ज्या घरातला कमावता गेला त्या घराची अडचण तेव्हा कुठे सुरू झालेली असते. तुझ्या वहीत प्रत्येक नावापुढे पुन्हा भेटायची तारीख लिही, आणि मंडळीकडून सहा महिन्यांचा निधी आत्ताच मागून घे. पाळकांशी बोलताना माझी मदत लागली तर कळव, मी येईन.

तुझ्यासाठी रोज प्रार्थना करणारा,
तुझा काका