आधी शंभर फोन ऐक

प्रिय,

तुझी एक्सेल शीट मिळाली. अकरा कंपन्या, चौदा रकाने, पिवळे-हिरवे रंग. रात्री साडेबाराला पाठवलीस म्हणजे झोप उडालेली दिसते. तुमच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये सकाळी फोन कसा वाजत असतो ते मी पाहिलंय. काउंटरवरची ताई एका हाताने नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवते आणि फोन मानेत धरते. तेव्हा एआय रिसेप्शनिस्ट, म्हणजे फोन उचलून माणसासारखं बोलणारं यंत्र, हवी की नको, हा वाद नाही. तयार घ्यायची की खास बनवून घ्यायची, एवढंच तुझं कोडं. पण चौदा रकान्यांत 'लोक विचारतात काय' हा रकानाच नाही!

आधी शंभर फोन ऐक. ताईशेजारी स्टूल टाक, वही घे, लोक बोलतील तसं लिही. 'रिपोर्ट आला का' आणि 'उपाशीपोटी यायचं का' यांनीच वही भरली, तर तयार घे, महिन्याचं भाडं भर आणि मोकळी हो.

खास बनवायची हौस मलाही होती. 2008 साली एका ट्रान्सपोर्टवाल्याला 'एक दाबा, दोन दाबा'वालं यंत्र मी स्वतः बांधून दिलं. बाजारात तयार मिळत होतं, पण मला ते हलकं वाटलं. सात महिने घातले. त्याचे ड्रायव्हर फोन करत ते गाडी बंद पडली की. घाटात उभ्या माणसाला एक दाबायचं नसतं, मालकाचा आवाज हवा असतो. दुसऱ्या आठवड्यात त्याने वायर काढून ठेवली. पैसे मात्र पूर्ण दिले, म्हणून जास्त लागलं. यंत्र चांगलं होतं, हे मी आजही सांगतो. आवाज स्वच्छ, एकदाही बंद पडलं नाही. फक्त त्याच्या ऑफिसात एक दिवस बसून फोन ऐकायला मला वेळ नव्हता.

तू लिहितेस, 'डेमो मस्त वाटला.' अगं, लॅपटॉपच्या माइकवर सगळेच मस्त वाटतात. साध्या फोन लाइनवरून आवाजाचा 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. 'स' आणि 'फ' यांतला फरक ओळखू येतो तो बराचसा त्याच्या वर. डेमो घ्यायचा तर आजीच्या साध्या मोबाइलवरून, बाजारात उभं राहून घे. आणि विचार, "परवा दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट परवा मिळेल का?" ताईला दोन्ही परवा कळतात. मग 'पावणेआठ' सांग, 'अडीच' सांग, आणि वेळ काय नोंदवली ते बघ. हे सुधारता येत नसेल, तर ती कंपनी शीटमधून उडव.

बोलताना माणसं एकमेकांना उत्तर देतात ते साधारण 200 मिलिसेकंदांत. यंत्राला आधी ऐकून लिहायचं, मग उत्तर जुळवायचं, मग बोलायचं. तेवढ्यात आजोबा "हॅलो? हॅलो?" सुरू करतात आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून. खास बनवलं की हे आपोआप सुटत नाही. बनवून देणाराही बहुधा हेच तीन भाग भाड्याने आणून जोडतो. तू पैसे मोजतेस त्या जोडणीचे, आणि ती बिघडल्यावर फोन उचलणाऱ्या माणसाचे. बनवून देणाऱ्या त्या मुलाला दुसरीकडे नोकरी लागली की काय करशील? हा रकानाही नाही तुझ्या शीटमध्ये.

खास करायचं तर एकच काम कर. तुमच्या लॅबच्या सॉफ्टवेअरला विचारून 'रिपोर्ट तयार आहे' एवढं सांगता येईल, इतपत जोडणी. तयारवाल्याला ते जमत नसेल, तर तेवढ्यापुरता खर्च पटतो. पण शुगर किती आली, हे यंत्राने फोनवर सांगायचं नाही. पलीकडे शेजारीण असू शकते. लॅबचा नंबर बाबांचा जुनाच ठेव, ताईने उचलला नाही तरच फोन यंत्राकडे वळू दे. आणि 'चक्कर येतेय' असं कोणी म्हटलं, तर यंत्राने गप्पा न मारता माणसाला जोडून द्यायला हवं.

रागावलो असेन तर सोड. तुझ्या वयात मला कोणी स्टूल टाकून बस म्हटलं असतं, तर मी हसलो असतो.

सोमवारी सकाळी सातला बस, तेव्हा उपाशीपोटी आलेल्यांची गर्दी असते. वही भरली की रविवारी घरी ये. कंपन्यांना तोवर फोन करू नकोस.

तुझा,
काका