डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद जाणारी) गाडी, 18,000 किमी झाले. हजार किमीला जवळपास लिटरभर इंजिन ऑइल लागतं. हे नॉर्मल आहे का?

नाही, एवढं ऑइल जाणं नॉर्मल म्हणून सोडून देऊ नका. पिस्टन रिंग (पिस्टनभोवतीच्या, ऑइल अडवणाऱ्या कड्या) नीट बसेपर्यंत नव्या इंजिनात थोडं जास्त जातं, पण 18,000 किमीला तो काळ संपलेला असतो. काही मॅन्युअलमध्ये हजार किमीला लिटरची मर्यादा छापलेली असते आणि सर्व्हिस सेंटर तिकडेच बोट दाखवतं. तरी वॉरंटी आहे तोवर ऑइल कन्झम्प्शन टेस्ट लेखी मागाच: मॅक्स खुणेपर्यंत ऑइल, ड्रेन प्लगला (ऑइल काढायच्या बोल्टला) सील, हजार किमीनंतर मोजणी. डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघा. ॲक्सिलरेटर दाबताच निळसर धूर आला तर रिंग किंवा टर्बोचा (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या भागाचा) संशय घ्या. मात्र गाडी कायम लो रेंजमध्ये (जास्त ताकदीच्या, कमी वेगाच्या गिअरमध्ये), वाळूत किंवा जड ट्रेलर ओढत चालत असेल, तर खप थोडा जास्तच राहतो.