विंडोज नवी, पडदा मात्र बिघडलेला

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

‘फॉरमॅट मारून आणलं आणि स्क्रीनचं बिनसलं’, अशी पत्रं या वेळी सगळ्यात जास्त आली. उत्तरांआधी एक चाचणी सगळ्यांनीच करून घ्या. मशीन चालू करताच डिलीट किंवा एफ-२ दाबत राहा (काही कंपन्यांच्या मशीनवर एफ-१०) आणि बायोसच्या (मशीनच्या मूळ सेटिंग्जच्या) पडद्यावर पाच मिनिटं थांबा. तिथं विंडोज अजून आलेलीच नसते. पट्टे, ठिपके, थरथर तिथंही दिसली तर दोष केबल, ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग), रॅम किंवा मॉनिटरचा. तिथं चित्र स्वच्छ आणि विंडोजमध्ये शिरल्यावर बिघडत असेल, तर आधी ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोज आणि त्या भागात बोलणं घडवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, संशय घ्या. हे न बघता दुसऱ्यांदा फॉरमॅट मारायला नेऊ नका.

प्रश्न : दुसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री, १९.५ इंची मॉनिटर. विंडोज १० नव्यानं टाकल्यापासून अक्षरं पसरट दिसतात, रिझोल्यूशन १०२४ × ७६८ च्या वर जात नाही. व्हिडिओ अडकत चालतो. मॉनिटर गेला म्हणायचा का?
— एक शिक्षक, निपाणी

उत्तर : मॉनिटर ठणठणीत आहे. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘डिस्प्ले अॅडॅप्टर्स’ बघा. तिथं ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर’ असं नाव असणार. म्हणजे विंडोजला तुमच्या ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर मिळालेला नाही आणि ती कामचलाऊ ड्रायव्हरवर गाडा ओढतेय. चिपची मदत मिळत नसल्यानं सगळं चित्र प्रोसेसर एकटा काढतो, म्हणून व्हिडिओ अडकतो.

इंटरनेट जोडा. लॅनचा (केबलनं येणाऱ्या इंटरनेटचा) ड्रायव्हरही गेला असेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलनं लावून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट मशीनला देणं) सुरू करा, विंडोज १० त्याला सहसा लगेच ओळखते. मग सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात ‘व्ह्यू ऑप्शनल अपडेट्स’, त्यात ‘ड्रायव्हर अपडेट्स’. इंटेलच्या नावापुढं खूण करून उतरवून घ्या आणि मशीन रीस्टार्ट करा. तुमच्या पिढीच्या चिपसाठी इंटेलनं विंडोज १० चा वेगळा इन्स्टॉलर दिलेला नाही, म्हणून इंटेलच्या साइटवर शोधत बसू नका. चालणारा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधूनच येतो. फुकटात सगळे ड्रायव्हर टाकून देणारी ‘पॅक’ सॉफ्टवेअरं मिळतात, त्यांना हात लावू नका. ड्रायव्हरबरोबर नको ती चार सॉफ्टवेअरं घरात घुसतात.

चिप कुणाची हेच कळत नसेल तर त्याच नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. ‘व्हीईएन’पुढचे चार आकडे वाचा : ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एन्व्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी.

ड्रायव्हर बसल्यावर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ज्याच्यापुढं ‘रेकमेंडेड’ लिहिलंय तेच रिझोल्यूशन निवडा. १९.५ इंचीत ते बहुधा १६०० × ९०० असतं, काही मॉडेलांत १३६६ × ७६८. पडद्याचे ठिपके मोजून बसवलेले असतात. त्यापेक्षा वेगळा आकडा दिला की एका ठिपक्याचं काम दीड ठिपक्यावर येतं आणि अक्षर धुरकट होतं.

एवढं करूनही योग्य आकडा यादीतच आला नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मॉनिटर्स’खाली बघा. ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ दिसला तर मॉनिटरची ओळख मशीनपर्यंत पोचतच नाही. निळ्या व्हीजीए केबलचा दोष असण्याची शक्यता मोठी. केबलचं टोक तुमच्याकडं, रुंद बाजू वर धरा : पाच-पाच पिनांच्या तीन ओळी दिसतील. सगळ्यात खालच्या ओळीतली डावीकडून दुसरी आणि पाचवी, म्हणजे १२ आणि १५ नंबरची पिन, ही ओळख वाहून नेते. त्यातली एखादी वाकली किंवा आत गेली असेल तर केबल बदला. मधल्या ओळीतली चौथी, नऊ नंबरची पिन मात्र बऱ्याच केबलींत मुळातच नसते. ती तुटलीय म्हणून केबल फेकू नका.

प्रश्न : विंडोज टाकून आणल्यापासून पडद्यावर रंगीत चौकोन आणि उभे पट्टे येतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. बायोसमध्येही पट्टे दिसतात. दुकानदार म्हणतात विंडोज बरोबर आहे.
— खानापूर तालुका

उत्तर : दुकानदारांचं बरोबर आहे. पण मग पट्टे नेमके आत्ताच का आले? मशीनचा डबा (कॅबिनेट) दुचाकीवर पुढं ठेवून खड्ड्यांतून नेला-आणला की जड कार्ड स्लॉटमध्ये कलतं. शिवाय तुमच्याकडं पावसाळाभर हवेत ओल असते, त्यात कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर मळाचा थर धरतो.

प्लग काढा. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, आत साठलेली वीज जाते. डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. कार्डाचा स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाची छोटी खिटी दाबा आणि कार्ड सरळ वर ओढा. खिटी न दाबता ओढलं तर स्लॉट तुटतो. सोनेरी पट्ट्या शाळेतल्या साध्या पांढऱ्या खोडरबरनं एकाच दिशेनं हलक्या हातानं पुसा आणि रबराचा चुरा ब्रशनं पूर्ण झाडा. सॅंडपेपर अजिबात नको. कार्ड परत बसवताना खिटीचा ‘टक’ आवाज आला पाहिजे. कार्डाला वेगळी पॉवर केबल असेल तर तीही घट्ट दाबा.

तरी पट्टे आले तर कार्ड काढून ठेवा आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डवरच्या पोर्टात लावा. चित्र स्वच्छ आलं तर कार्ड गेलं. मात्र इंटेल प्रोसेसरच्या नंबराच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, पडदा काळाच राहील. त्याला घाबरू नका, फक्त ही चाचणी तुमच्यासाठी नाही. आणि मदरबोर्डच्या पोर्टावरही ठिपके दिसले तर केबल बदलून बघा, मग रॅम तपासा. प्रोसेसरच्या अंगचं ग्राफिक्स मशीनचीच रॅम वापरतं. एका वेळी रॅमची एकच पट्टी लावून बघा, कुठल्या पट्टीला ठिपके येतात ते कळेल.

प्रश्न : आमचं लग्नपत्रिका आणि फलकांचं दुकान आहे. फॉरमॅटनंतर जुन्या मराठी फाइलींत इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कानडी फाइलींचंही तेच. काही फाइलींत मजकूर बरोबर आहे, पण ओळी सरकल्यात. व्हायरस का?
— बेळगाव

उत्तर : व्हायरस नव्हे, फॉन्ट गेलेत. आणि हे दोन वेगळे आजार आहेत.

खिचडीच्या फाइली जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमधल्या. त्या फाइलीत मुळात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांच्या जागी ‘क’, ‘ग’ काढून दाखवतो. फॉन्ट नाही म्हणजे मूळ अक्षरं उघडी पडणार. नेमका तोच फॉन्ट परत टाकणं हाच सोपा उपाय. कोरल (पत्रिका, फलक आखायचं सॉफ्टवेअर) फाइल उघडताना गायब फॉन्टची नावं दाखवतं, ती वहीत उतरवून घ्या. सी ड्राइव्ह पुसला नसेल तर तिथं ‘विंडोज.ओल्ड’ नावाचं फोल्डर असेल. त्यातल्या ‘विंडोज’मध्ये ‘फॉन्ट्स’ बघा. फक्त एका युजरसाठी टाकलेले फॉन्ट तिथं नसतात, ते ‘विंडोज.ओल्ड’मध्येच ‘युजर्स’, तुमचं नाव, ‘अॅपडेटा’ (हे लपलेलं असतं), ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘फॉन्ट्स’ असे आत असतात. घाई करा, हे फोल्डर दहा दिवसांनी विंडोज आपोआप पुसते. फॉन्टवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ करा. लॉकवर (मशीनला लावायच्या छोट्या परवाना-किल्लीवर) चालणारं मराठी सॉफ्टवेअर असेल तर ते मूळ सीडीवरून आणि लॉक लावूनच टाकावं लागेल.

ओळी सरकलेल्या फाइली युनिकोडमधल्या. इंग्रजीत टाकलेल्या विंडोज १० किंवा ११ मध्ये निर्मला फॉन्ट असतो. मंगल आणि कानडीचा तुंगा सोबत येतीलच असं नाही. मंगलच्या जागी निर्मला बसला की ओळींची उंची बदलते आणि वराकडच्या निमंत्रकांची शेवटची ओळ पुढच्या पानावर जाते. सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मधून देवनागरी आणि कन्नड अशी दोन्ही ‘सप्लिमेंटल फॉन्ट्स’ उतरवा, फाइली पूर्ववत होतील.

प्रश्न : टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरतो. आता चारी कडा कापल्या जातात, टास्कबार अर्धाच दिसतो.
— चिकोडी

उत्तर : टीव्ही चित्र थोडं ताणून कडा बाहेर ढकलतो. पूर्वीच्या ड्रायव्हरमध्ये कुणीतरी ते मोजून आवळलं असणार, नव्या विंडोजबरोबर ती सेटिंग गेली. टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘१:१’ यातलं जे असेल ते निवडा. नसेल तर त्या एचडीएमआय इनपुटचं नाव बदलून ‘पीसी’ ठेवा. बऱ्याच टीव्हींत तेवढ्यानं ताणणं थांबतं.

प्रश्न : विंडोज टाकल्यावर दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवसापासून स्क्रीन फडफडते. बायोसमध्ये स्वच्छ.
— संकेश्वर

उत्तर : कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. तो स्थिर आणि बाकीचं फडफडत असेल तर एखादं सॉफ्टवेअर दोषी, शेवटी टाकलेलं काढून बघा. टास्क मॅनेजरही फडफडला तर ड्रायव्हर. विंडोज अपडेटनं चांगला ड्रायव्हर बदलून दुसरा बसवला असणार. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. ते बटण फिकट असेल तर आधी योग्य ड्रायव्हर उतरवून ठेवा, मग इंटरनेट तोडा, जुना अनइन्स्टॉल करा आणि नवा टाका. इंटरनेट चालू ठेवलं तर मधल्या मध्ये विंडोज परत तोच नको असलेला बसवते.

पडदा पूर्ण काळा झाला तर आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. तरी काळाच असेल तर विंडोज सुरू होताना तीनदा पॉवर बंद करा, दुरुस्तीचा पडदा येईल. तिथं ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादीतला तीन नंबर म्हणजे ‘लो रिझोल्यूशन व्हिडिओ’. त्यात शिरून ड्रायव्हर बदलता येतो.